न्यूरोसिफिलिस: गरमीचा जंतू मेंदूपर्यंत पोचतो तेव्हा

समजा, ऊर्जानगरच्या वसाहतीत एक काका राहतात. वय ५४, चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रात पाळीची नोकरी, माणूस शिस्तीचा. गेल्या वर्षभरात मात्र त्यांचे काहीतरी बिनसले आहे. किराण्याचा साधा हिशेब चुकतो. सही पूर्वीसारखी येत नाही, अक्षर थरथरते. बोलताना शब्द घरंगळतात. ज्या घरात कधी आवाज चढला नव्हता तिथे ताट भिरकावले जाते, आणि मध्येच एखाद्या दिवशी ते सांगतात की आपल्याला मंत्रालयातून बोलावणे आले आहे, आता सगळ्या केंद्राचा कारभार आपल्याकडे येणार. घरच्यांना वाटते दारू वाढली असेल. शेजारी म्हणतात निवृत्तीचे टेन्शन. गावाकडची आत्या म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे, पुजाऱ्याला दाखवा.

हे काका काल्पनिक आहेत, लक्षणांचा हा गुच्छ मात्र खरा आहे. दारू, नैराश्य, अल्झायमर, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मेंदूतली गाठ अशी त्याची अनेक कारणे असू शकतात. त्यात एक कारण असे आहे जे रक्ताच्या स्वस्त तपासणीत दिसू शकते आणि ज्यावर जुने, स्वस्त औषध चालते. तरीही ते सगळ्यात शेवटी आठवते, कारण विचारायला डॉक्टरला संकोच वाटतो आणि सांगायला रुग्णाला. ते कारण म्हणजे न्यूरोसिफिलिस: सिफिलिसच्या जंतूने मेंदू, मज्जारज्जू, त्यांच्यावरची आवरणे आणि मेंदूतून निघणाऱ्या नसा यांना केलेली लागण.

गरमी, उपदंश, फिरंग

विदर्भात जुन्या माणसांच्या तोंडी या रोगाचे नाव 'गरमी' आहे. पुस्तकी मराठीत 'उपदंश' म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटले आहे, म्हणजे फिरंग्यांबरोबर, पोर्तुगिजांबरोबर आलेला रोग. त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे संयुग, आणि चोपचिनी ही औषधे सांगितली आहेत. युरोपातही त्या काळी पाराच दिला जाई. आपल्याकडे दोष फिरंग्यांना, फ्रान्समध्ये इटलीला आणि इटलीत फ्रान्सला. रोग नेहमी शेजाऱ्याचाच असतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. बोलताना लोक 'अंगात गरमी झाली', 'गरम पडलं' असे म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा लघवीची जळजळ किंवा तोंड येणे म्हणायचे असते. त्याचा सिफिलिसशी संबंध नाही. सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, हा मळसूत्रासारखा पीळ असलेला अतिशय बारीक जीव आहे. तो १९०५ साली जर्मनीत सापडला. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी वेड्यांच्या इस्पितळात मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू दाखवला, तेव्हा वेडाच्या एका मोठ्या प्रकाराचे कारण पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तोवर त्या रुग्णांना स्वभावदोष, अतिश्रम, अनुवंश असे काहीही चिकटवले जात होते.

जंतू मेंदूत कधी जातो?

शाळेच्या किंवा नर्सिंगच्या पुस्तकात सिफिलिसच्या पायऱ्या एकाखाली एक दिलेल्या असतात. आधी जननेंद्रियावर न दुखणारी जखम, मग अंगावर, अगदी तळहात-तळपायांवरही पुरळ, मग वर्षानुवर्षे शांतता आणि सगळ्यात शेवटी मेंदू. त्यामुळे मेंदूचा सिफिलिस म्हणजे म्हातारपणीचा, वीस वर्षे जुना रोग अशी समजूत होते. ती अर्धवट आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांतच जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचू शकतो. बऱ्याच जणांचे शरीर त्याला तिथून हुसकावते. काहींच्यात तो टिकतो आणि काहीच लक्षण न दाखवता राहतो. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाला लागणीनंतर काही महिन्यांत डोळ्याचा किंवा कानाचा त्रास होऊ शकतो आणि साठीतल्या माणसाला तरुणपणच्या लागणीचा परिणाम आत्ता दिसू शकतो. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार सुरू नसतील तर हा धोका वाढतो.

पहिली जखम दुखत नाही, आणि काही आठवड्यांत औषध न घेताही भरून येते. स्त्रियांमध्ये ती आत असल्याने बहुधा कळतही नाही. 'मला असे कधी काही झाले नाही' असे रुग्ण सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे मुळीच नाही.

कशावरून शंका घ्यायची

लवकर होणाऱ्या प्रकारात तीन-चार चेहरे दिसतात. एक, मेंदूज्वरासारखा: डोकेदुखी, मान आखडणे, मळमळ, कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी. दुसरा, लकवा. जंतूमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या अरुंद होतात आणि मेंदूचा तेवढा भाग रक्ताविना मरतो. त्याआधी काही दिवस-आठवडे डोकेदुखी, चक्कर, स्वभावात फरक असे काहीतरी झालेले असते. हा धागा सापडला तर महत्त्वाचा, कारण रक्तदाबाचा लकवा सहसा असा दवंडी पिटून येत नाही.

लकव्याचा मुद्दा या भागात जास्त गंभीर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले: दर ७ मृत्यूंमागे साधारण १. यातले बहुतेक लकवे उच्च रक्तदाबाचे धरावेत, सिफिलिसचे नव्हेत. पण चाळिशीच्या आतल्या माणसाला लकवा झाला तर इथल्या डॉक्टरांना सिकलसेल, संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप, क्षयाचा मेंदूज्वर या गोष्टी बघाव्याच लागतात. त्याच यादीत सिफिलिसची तपासणी लिहिण्याने खर्च जवळजवळ वाढत नाही.

तिसरा चेहरा डोळ्यांचा. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, डोळ्यापुढे ठिपके तरंगणे, एका किंवा दोन्ही डोळ्यांची नजर झपाट्याने उतरणे. चौथा कानाचा: अचानक बहिरेपण, कानात सतत शिट्टी, गरगरणे. वीज केंद्रात किंवा कोळसा खाणीत काम करणाऱ्याला कमी ऐकू येऊ लागले की 'टर्बाइनच्या आवाजाने कान गेले' असे सगळेच गृहीत धरतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण आवाजाने होणारा बहिरेपणा वर्षांवर्षांत हळूहळू आणि सहसा दोन्ही कानांना येतो. काही दिवसांत एक कान बसला, सोबत चक्कर आहे, तर ते कारण पुरत नाही. डोळा आणि कान या दोन्हींत वेळ फार थोडा असतो. उशीर झाला तर जंतू मरतो, पण नजर आणि ऐकू येणे परत येईलच असे नाही.

उशिराचे प्रकार मुख्यतः दोन. मेंदूचा प्रकार लागणीनंतर साधारण १० ते २५ वर्षांनी दिसतो. वरचे काका त्याचे उदाहरण. विसराळूपणा, निर्णय चुकणे, पैशांची उधळपट्टी, लाज-संकोच सुटणे, मोठेपणाचे भ्रम किंवा उलट पूर्ण औदासीन्य, जीभ आणि ओठांची थरथर, बोबडे बोलणे, फिट येणे. पुढे माणूस अंथरुणाला खिळतो. हा रोग मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात येतो तेव्हा कधी उन्मादासारखा दिसतो, कधी नैराश्यासारखा, कधी स्मृतिभ्रंशासारखा.

दुसरा प्रकार मज्जारज्जूचा, आजकाल फार कमी दिसणारा. पायांत विजेसारख्या कळा जातात, क्षणभर टिकतात आणि पुन्हा येतात. पाय कुठे पडतो आहे हे न बघता कळत नाही, म्हणून माणूस खाली बघत, पाय फाकवून, आपटत चालतो. अंधारात तोल जातो. नळावर तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झोक जातो, ही खूण जुन्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेली आहे आणि घरच्या माणसाला ती सहज दिसते. लघवी तुंबते किंवा कळत नाही. संवेदना गेलेला गुडघा किंवा घोटा न दुखता झिजत झिजत बेढब होतो. डोळ्यांची बाहुली जवळचे बघताना आकसते पण टॉर्चच्या उजेडाने आकसत नाही. एडिंबराच्या आर्गिल रॉबर्टसन यांनी १८६९ साली वर्णन केलेली ही खूण आजही टॉर्च घेऊन तपासता येते.

चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र पायाची संवेदना गेली की पहिला विचार कुष्ठरोगाचा येतो, आणि तो यायलाच हवा. वरोऱ्याचे आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे वेगळे सांगायला नको. मधुमेह हे दुसरे मोठे कारण. या दोन्हींत बधिरपणा आणि झिणझिण्या जास्त असतात. त्वचेवर चट्टे, जाड झालेल्या नसा या कुष्ठरोगाच्या खुणा शोधता येतात. सिफिलिस हा यादीतला तिसरा-चौथा. यादीत असणे महत्त्वाचे, पहिला नंबर लागणे नव्हे.

रक्ताचा रिपोर्ट, आणि एक जुना 'माडिया रोग'

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रिपोर्टांच्या फोटोंमुळे सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो, म्हणून थोडे सविस्तर.

रक्ताच्या तपासण्या दोन जातींच्या आहेत. पहिली व्हीडीआरएल किंवा आरपीआर. ही स्वस्त, सरकारी दवाखान्यात मोफत. ती जंतू शोधत नाही. जंतूमुळे शरीरातल्या चरबीयुक्त घटकांविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. तिचे उत्तर १:८, १:१६, १:३२ असे येते. आकडा जितका मोठा तितकी लागण सक्रिय असण्याची शक्यता जास्त, आणि उपचारानंतर तो उतरायला हवा. दुसरी टीपीएचए किंवा तत्सम तपासणी, ही खास या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. एकदा पॉझिटिव्ह आली की ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, रोग पूर्ण बरा झाला तरी.

पहिली एकटी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नये. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, क्षय, काही विषाणूंचे ताप, संधिवाताच्या जातीचे आजार यांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, बहुधा कमी आकड्याने. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की मलेरिया, कुष्ठरोग, क्षय हे तिन्ही या जंगलपट्ट्याचे जुने पाहुणे आहेत. म्हणून दुसरी तपासणी केल्याशिवाय कुणाच्याही माथी सिफिलिसचा शिक्का मारणे चूक.

पण इथे दुसरीही फसवू शकते. कारण आहे यॉज. यॉजचा जंतू हा सिफिलिसच्या जंतूचा सख्खा भाऊ, त्याच जातीतली उपजात. तो लैंगिक संबंधातून पसरत नाही. दमट, उष्ण जंगलभागात, गर्दीच्या घरात, मुलांच्या कातडीला कातडी लागून पसरतो. बहुतेक रुग्ण १५ वर्षांखालची मुले असत. अंगावर रासबेरीसारखे फोड, पुढे हाडांना बाक, तळपायाला भेगा. भारतात तो मुख्यतः आदिवासींचा रोग होता, इतका की लोक त्याला जमातीच्याच नावाने ओळखत: माडिया रोग, गोंडी रोग, कोया रोग. १९५० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने गावोगाव पेनिसिलिनची इंजेक्शने देऊन तो दाबला गेला. उरलेला संपवण्यासाठी १९९६ नंतर ओडिशातल्या कोरापुटपासून निर्मूलन मोहीम सुरू झाली. शेवटचे रुग्ण २००३ साली सापडले आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त जाहीर केले.

रोग गेला, पण ज्यांना लहानपणी तो झाला होता ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे गेलेली नाहीत. टीपीएचए यॉज आणि सिफिलिस यांत फरक करू शकत नाही. व्हीडीआरएलही करू शकत नाही. म्हणजे भामरागड किंवा एटापल्लीकडच्या एखाद्या माडिया आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या, तर त्याचा अर्थ लहानपणी अंगावर उठलेले फोड इतकाच असू शकतो. तिला किंवा तिच्या नवऱ्याला नको ते प्रश्न विचारण्याआधी 'लहानपणी अंगावर फोड, पायाला भेगा, गावात सगळ्या मुलांना इंजेक्शनं, असं काही आठवतं का?' हा प्रश्न विचारायला हवा. यॉज मेंदूत शिरत नाही असेच आजवर मानले गेले आहे. तरी मेंदूची लक्षणे असतील आणि खात्री होत नसेल तर सिफिलिस समजूनच उपचार केले जातात, कारण चुकून दिलेल्या पेनिसिलिनपेक्षा चुकून न दिलेले जास्त महाग पडते.

उलट बाजूही आहे. उशिराच्या न्यूरोसिफिलिसमध्ये रक्तातली व्हीडीआरएल आपोआप उतरून निगेटिव्ह होऊ शकते. काकांची व्हीडीआरएल निगेटिव्ह म्हणून विषय संपला, असे होत नाही. शंका पक्की असेल तर टीपीएचए करावीच लागते. ती निगेटिव्ह आली की मात्र उशिराचा न्यूरोसिफिलिस जवळजवळ बाद होतो.

पाठीतले पाणी

रक्त पॉझिटिव्ह आणि लक्षणे मेंदूची, तर पुढची पायरी म्हणजे कमरेतून सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढणे. 'पाठीतून पाणी काढलं आणि माणूस लुळा झाला' ही गोष्ट प्रत्येक गावात कुणीतरी सांगतो. सुई घालतात ती कमरेच्या खालच्या मणक्यांत, आणि मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. खाली फक्त नसांचे सुटे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई आली की ते बाजूला सरतात. बहुतेकदा ज्याचे पाणी काढतात तो आधीच गंभीर आजारी असतो आणि लुळेपणा त्या आजाराचा असतो. खरा त्रास म्हणजे नंतर दोन-तीन दिवस डोके दुखणे, उठून बसले की जास्त. मेंदूत गाठ किंवा जास्त दाब असल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात.

त्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती, प्रथिने किती आणि व्हीडीआरएल काय, हे बघतात. पाण्यातली व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, आणि त्यात रक्त मिसळलेले नसेल, तर निदान पक्के. निगेटिव्ह आली तर निदान बाद होत नाही, कारण ती खरे रुग्णही मोठ्या संख्येने चुकवते. मग पेशी वाढल्या आहेत का, लक्षणे जुळतात का, एचआयव्ही आहे का, हे सगळे एकत्र धरून डॉक्टरला निर्णय घ्यावा लागतो. एका कागदावर हो किंवा नाही असे छापून येणारे हे निदान नाही. फक्त डोळ्याचा सिफिलिस असेल आणि इतर नसांवर काही खूण नसेल तर पाणी न काढताही उपचार सुरू करता येतात. कानाच्या बाबतीतही तसेच.

उपचार

औषध पेनिसिलिनच. १९४३ साली अमेरिकेत सिफिलिसवर ते पहिल्यांदा वापरले गेले, आणि इतक्या वर्षांत या जंतूने त्याला दाद न देण्याची युक्ती शिकलेली नाही. अॅझिथ्रोमायसिनला मात्र तो अनेक ठिकाणी सरावला आहे, तेव्हा मेडिकलमधून तीन गोळ्या आणून हा रोग जाईल या भ्रमात राहू नये.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण अनेक रुग्णांचे नुकसान त्यातच होते. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये जननेंद्रियाच्या जखमेसाठी पांढरे किट मिळते. त्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन असते. कमरेत घेतले की ते आठवडे-आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहते. सुरुवातीच्या सिफिलिसला एक इंजेक्शन पुरते, जुन्या पण लक्षणे नसलेल्या लागणीला दर आठवड्याला एक अशी तीन. पण मेंदूभोवतीच्या पाण्यात ते पुरेसे उतरत नाही. मेंदू, डोळा किंवा कान यांना लागण असेल तर हे इंजेक्शन म्हणजे अर्धवट उपचार.

त्यासाठी हवे शिरेतून दिले जाणारे स्फटिक पेनिसिलिन: दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, म्हणजे दर ४ तासांनी ३० ते ४० लाख, सलग १० ते १४ दिवस, रुग्णालयात भरती होऊन. रात्रीचा डोसही चुकवायचा नसतो. हे जमत नसेल तर प्रोकेन पेनिसिलिनचे रोजचे इंजेक्शन आणि सोबत प्रोबेनेसिडच्या गोळ्या, किंवा सेफ्ट्रायाक्सोन रोज १ ते २ ग्रॅम, तेवढेच दिवस. सिरोंचाहून गडचिरोली २०० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या मजुराला पंधरा दिवस जिल्ह्याच्या गावी राहायचे म्हणजे त्याची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. अशा वेळी निदान मोठ्या रुग्णालयात करून रोजचे एक इंजेक्शन जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात देणे हा व्यवहार्य मार्ग असतो, आणि तो डॉक्टरला विचारायला हरकत नाही. अर्धवट सोडून घरी पळून जाण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

पेनिसिलिनची ॲलर्जी हा खरा धोका आहे, पण 'मला पेनिसिलिन चालत नाही' असे सांगणाऱ्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात ॲलर्जी नसते. लहानपणी इंजेक्शननंतर चक्कर आलेली असते, एवढेच. खरी ॲलर्जी असेल तर रुग्णालयात देखरेखीखाली अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत शरीराला औषधाची सवय लावता येते. गरोदर स्त्रीला पेनिसिलिनला पर्याय नाही, तेव्हा तिला हीच पद्धत वापरतात.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. ही औषधाची ॲलर्जी नव्हे. एकदम मेलेल्या जंतूंमुळे शरीर खवळते. बहुधा दिवसाभरात शांत होते. हे आधी सांगितले नाही तर नातेवाईक सलाईन काढायला लावतात.

पेनिसिलिनच्या आधी काय होते हे मलेरियाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना वाचून विचित्र वाटेल. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली मेंदूचा सिफिलिस झालेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. चढत्या तापाने जंतूला मारायचे, आठ-दहा वेळा ताप येऊ द्यायचा आणि मग क्विनाइन देऊन मलेरिया थांबवायचा. काही रुग्ण उपचारानेच दगावले. तरीही एरवी नक्की मरणारे कितीतरी सुधारले, म्हणून १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेनिसिलिन आले, १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ते देशातच बनू लागले.

बरे होणे म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. पेनिसिलिन जंतू मारते, मेलेला मेंदू जिवंत करत नाही. मेंदूज्वराचा प्रकार बहुधा पूर्ण बरा होतो. लकव्यातून जेवढे नुकसान व्हायचे ते झालेले असते, पुढचे थांबते. काकांसारखा रुग्ण लवकर सापडला तर बराच सुधारतो, कधी कामावरही परततो. उशीर झाला तर आहे तिथे थांबतो. पायातल्या कळा उपचारानंतरही उरू शकतात, त्यांना वेगळी औषधे लागतात. उपचारानंतर दर ३ ते ६ महिन्यांनी रक्तातली व्हीडीआरएल बघत राहतात. ती चौपट उतरली, म्हणजे १:३२ ची १:८ झाली, की उपचार लागू पडला असे धरतात. पाण्यातल्या पेशी वाढलेल्या होत्या तर पूर्वी दर सहा महिन्यांनी पुन्हा पाणी काढत. आता लक्षणे आणि रक्त दोन्ही सुधारत असतील तर बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

घरातल्या बाकीच्यांचे काय

निदान झाल्यावर एचआयव्हीची तपासणी करतातच, दोन्हीचा मार्ग एक असल्याने. जोडीदाराची तपासणीही हवी. इथे घरात वादळ उठते, म्हणून समुपदेशकाची मदत घेणे चांगले. ती जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत मिळते. उशिराच्या न्यूरोसिफिलिसमध्ये रुग्ण सहसा संसर्ग पसरवत नाही. एका ताटात जेवल्याने, कपड्याने, संडासाच्या भांड्याने तर तो पसरतच नाही. लागण वीस वर्षांपूर्वीची असू शकते, लग्नाच्याही आधीची; 'आत्ता कुठे गेला होतास?' या प्रश्नाला रिपोर्ट उत्तर देत नाही.

बायकांपर्यंत तपासणी पोचतच नाही, ही तक्रार या भागात जुनी आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा आजार निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आज निदान गरोदरपणात तरी व्हीडीआरएल किंवा झटपट चाचणी होते. ती पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी, कारण आईकडून बाळाला होणारा सिफिलिस वेळेत दिलेल्या पेनिसिलिनने टाळता येतो. न टाळल्यास बाळ पोटात दगावू शकते किंवा जन्मतः मेंदू, हाडे, डोळे यांना लागण घेऊन येते. जगभरात २०२२ साली १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना सिफिलिसची नवी लागण झाली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संपत आलेला रोग असे ज्याला वीस-तीस वर्षांपूर्वी म्हणत, तो अनेक देशांत पुन्हा वाढतो आहे.

कुठे जायचे

ऊर्जानगर-दुर्गापूर भागातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. रक्ताच्या तपासण्या आणि सुरक्षा क्लिनिक चंद्रपूरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे २०१५ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ लागला तर नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. ओपीडीत उभे राहून सगळ्यांसमोर बोलणे जमत नसेल तर एका चिठ्ठीवर 'गुप्तरोगाची तपासणी करायची आहे' एवढे लिहून दिले तरी पुरते. आणि रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसेल, जसे ते काका, तर सोबतच्या माणसाने डॉक्टरला एकट्याने गाठून तीन गोष्टी सांगाव्यात: बदल कधीपासून आहे, लकवा, फिट किंवा नजर-कानाचा त्रास झाला होता का, आणि टीपीएचए कधी झाली आहे का.